कंदीलवाला

ईरीच्या सरोवरावरून बर्फ आलं की शाळा बंद,
आणि शाळा बंद असली तरच
सकाळी सातची ‘वादळगस्त’ शेवटपर्यंत बघायला मिळायची.
एरवी शेवटच्या पाच मिनिटांत बस यायची
आणि जग वाचलं की बुडालं
ते दुपारपर्यंत कळायचं नाही.
कर्ट बसमध्ये शेवट रचून सांगायचा.
त्याच्या शेवटात सगळे मरायचे.

आता माझ्याकडे एकसष्ट आहेत.
तळघरात, बॉयलरपासून लांब,
कारण उष्णतेनं प्लास्टिक पिवळं पडतं.
खोकी उघडायची नाहीत हा नियम.
सरसेनापती तीन:
एक मिशीवाला, एक बिनमिशीचा,
आणि एक, ज्याला कारखान्यात
दोन्ही पाय डावेच लागले.
तो सगळ्यांत महाग.
चुकीला एवढा भाव येतो
हे आईला सांगायचं राहून गेलं.

नव्हता तो फक्त कंदीलवाला.
मालिकेत तीनदा आला असेल, फार तर चारदा.
काम काय, तर पुढे चालायचं.
लढाई जुंपली की कडेला उभा.
मुठीत तांदळाएवढा कंदील,
जो घरोघरी पहिल्याच आठवड्यात हरवला.
आमचा आईच्या व्हॅक्यूमनं गिळला;
कर्टनं पिशवी फाडली
आणि जेवायची हाक येईपर्यंत
अंगणात धूळ चाळत बसला.
आज नुसता कंदील विकायला येतो,
चिमट्यात धरून दाखवतात.
माणसाहून महाग.

ऑक्टोबरात वॉटरफर्डच्या जुन्या बाजारात
बर्फावरच्या बुटांच्या आणि बरण्यांच्या झाकणांच्या मधे
एका बिस्किटांच्या डब्यात तो पालथा पडला होता.
मूठ रिकामी. एक बूट चघळलेला.
“कुत्र्यानं खाल्लाय,” म्हातारी म्हणाली,
“अर्धा डॉलर दे आणि ने.”

कुत्र्यानं नाही.
मी अंगठा फिरवला:
दोन खड्डे, मधे उंचवटा.
कर्टच्या पुढच्या दातांत पेन्सिल जाईल एवढी फट होती.
आता हेही खरं, की त्या वर्षी
अख्ख्या पेनसिल्व्हेनियातली पोरं
काही ना काही चघळत टीव्हीसमोर बसलेली असणार,
आणि फटी काय एकट्या कर्टलाच नव्हत्या.
मी सुटे पैसे मोजून दिले. हात थंड होते.

कर्टशी सहा वर्षं बोलणं नव्हतं.
आईचं घर. छपराचा खर्च.
कुणी किती दिले, आणि शेवटी शेवटी तिथं होतं कोण.
वकिलाच्या कागदावर
आमचं एकच आडनाव दोनदा,
मधे ‘विरुद्ध’.

फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
लिहायला लागलो असतो
तर तिसऱ्या ओळीत छपरावर चढलो असतो.

रात्री अकराला टूसॉनहून फोन.
हॅलो नाही, काही नाही.
“हा आपला नव्हे. मी डावा चावायचो.”
“डावाच आहे.”
“तुझ्या डावीकडचा. म्हणजे त्याचा उजवा.”
“पण तू धरायचास कसा, समोरून की पाठीकडून?”
“तोंडात धरायचो, ड्वेन.”

मग थांब म्हणाला,
आणि गॅरेजमधून मुलीची कुठलीशी बाहुली आणून
नीट आठवावं म्हणून चावून बघायला लागला.
दोन हजार मैलांवरून
मी माझ्या भावाचं चघळणं ऐकलं.
बावन्न वर्षांचा माणूस.
मधेच म्हणाला, दात बसवून घेतलेत रे,
आता फट नाही, नक्की सांगता येत नाही.
चाळीस मिनिटं झाली.
छपराचं नाव त्यानंही काढलं नाही.

कंदीलवाल्याला मी खोक्यात घातलेला नाही.
वॉशिंग मशीनवर उभा असतो.
मशीन पाणी पिळायला लागलं
की थरथरत, इंच इंच
कडेपर्यंत चालत येतो,
रिकामी मूठ पुढे.
मी उचलतो
आणि परत भिंतीपाशी ठेवतो.